ओकायामा की ओटा : एका सुट्टीच्या निर्णयाच्या नोंदी

३ जानेवारी २०२४, बुधवार

कारखान्याचे हिशेब लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. घरातल्या एका निर्णयासाठी वही घालते आहे ती मात्र पहिल्यांदाच. रक्कम मोठी आहे, आणि जेवताना हा विषय निघाला की कोणी ना कोणी अर्ध्या ताटावरून उठतं. लिहून ठेवलं तर निदान आपण नेमके कशावर अडलोय ते कळेल.

प्रश्न असा : मे महिन्याच्या सुट्टीत पाच जणांनी जपानला जायचं का? पाच म्हणजे मी, नवरा, थोरली (नववी), धाकटा (चौथी) आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. वय ७१.

विषय निघाला ३१ डिसेंबरच्या रात्री. थोरलीने डिसेंबरात जपानी भाषेची एन-५ (सगळ्यात पहिल्या पातळीची) परीक्षा दिली आहे आणि तेव्हापासून तिला जपानशिवाय दुसरं काही सुचत नाही. ती बोलत होती आणि आई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "जपानला कधी गेलात तर ओकायामाची मूळ बाग तेवढी बघून या."

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. २००६ साली सुरू झालं. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, म्हणून आम्ही सगळे त्याला ओकायामा बागच म्हणतो. सासरे गेल्यापासून आई जवळजवळ रोज तिथे जातात.

त्या "बघून या" म्हणाल्या. "बघू या" म्हणाल्या नाहीत. आपण त्यात नाही, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. ते मला दोन रात्री टोचतंय.

परवा, एक तारखेला, जपानच्या नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. काल हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर होऊन प्रवासी विमान जळलं. त्यातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले, पण दुसऱ्या विमानातले पाच जण गेले. माझ्या भावाचा लगेच फोन : "अशा देशात म्हातारीला घेऊन जाणार?" भूकंपाची भीती खरीच आहे, ती नोंदवते. पण ज्या देशात जळत्या विमानातून ३७९ माणसं रांगेने बाहेर काढता येतात, त्या देशाबद्दल मला भीतीपेक्षा विश्वास जास्त वाटला.

१४ जानेवारी, रविवार

पैशाची बाजू. १२ एप्रिलला ३ लाख ६० हजारांची एफडी पिकते. ती ओट्यासाठी ठेवली आहे. आमचा ओटा १९९६चा. कडप्प्याला तडा आहे, सिंकखालच्या कपाटाचं लाकूड वाळवीने पोखरलंय, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. ही हौस नाही, गरजेचं काम आहे. रोज सकाळी साडेपाचला त्या ओट्यासमोर मी उभी असते, त्यामुळे याबाबतीत माझ्याइतकं कोणी बोलू शकत नाही.

याशिवाय फिरण्यासाठीची आरडी, १ लाख १० हजार. बास.

आजच नवऱ्याशी बोलून तीन रेघा मारून घेतल्या. कर्ज काढून जायचं नाही, हप्त्यावरही नाही. आजारपणासाठी ठेवलेल्या रकमेला हात लावायचा नाही. थोरलीच्या अकरावी-बारावीच्या पैशाला हात लावायचा नाही. या तीन रेघांच्या आत बसलं तरच पुढचं बोलायचं.

२७ जानेवारी, शनिवार

या आठवड्यात थोरली एन-५ पास झाली. घरात पेढे.

दुपारी डेक्कनवरच्या एका प्रवासी कंपनीत गेलो. आठ दिवसांची सहल : टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका. पाच जणांचे कर धरून ८ लाख ९० हजार. ओकायामा त्यात नाही, "तिकडे आपले ग्रुप जात नाहीत" म्हणाले.

शिवाय टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कंपनी आपल्याकडून वसूल करते तो आयकर. २०२४च्या या नियमाने परदेशी सहलीच्या पॅकेजवर सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के. म्हणजे ३५,००० अधिक १ लाख ९० हजारांचे ३८,०००, एकूण ७३,००० रुपये आधी भरायचे. हा खर्च नाही, आयकर विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण कधी मिळतो, हे तिथे कोणी सांगत नाही. मार्चअखेर पैसे भरले तर या जुलैच्या विवरणपत्रात येणार. एप्रिलमध्ये भरले तर तेच ७३,००० पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत अडकणार. ज्यांना पॅकेजनेच जायचं आहे त्यांनी ही तारीख जरूर बघावी, आठ-पंधरा दिवसांच्या फरकाने वर्षाचा फरक पडतो.

आमच्यापुरतं पॅकेज बाद. पैसा हे एक कारण. दुसरं असं की कार्यक्रमपत्रिकेत रोज सकाळी आठला बस आणि दिवसाला चार ठिकाणं आहेत. आईंना ते झेपणार नाही, आणि ज्या बागेवरून हे सगळं सुरू झालं तीच त्यात नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

भाऊ जेवायला होता. त्याचं म्हणणं व्हिएतनामला जा. त्याचा मुद्दा मी गांभीर्याने घेतला, कारण आकडे त्याच्या बाजूने आहेत. मुंबईहून थेट विमान आहे, ई-व्हिसा माणशी २५ डॉलर, राहणं-खाणं स्वस्त. आठ दिवसांचे पाच जणांचे तीन-सव्वातीन लाखांत होतील. बघण्यासारखंही खूप. ‘हा लाँग’चा उपसागर, होई आन गाव, आणि तिथून जवळच ‘मी सन’ नावाची चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं. भद्रेश्वर नावाने शंकराची पूजा तिथे शेकडो वर्षं झाली.

नवऱ्याला ते पटलं. तो इतिहास शिकवतो, ‘मी सन’चे फोटो बघून खुर्ची पुढे ओढून बसला. मलाही मोह झाला.

आई शांतपणे म्हणाल्या, "जा की. छान आहे." आणि ताटं उचलायला लागल्या.

रात्री मी वहीत दोन रकाने केले. एका रकान्यात "कमी पैशात परदेश" आणि दुसऱ्यात "या वर्षी जपानच का". दुसऱ्या रकान्यात दोनच ओळी निघाल्या : थोरलीची भाषा, आईंची बाग. पण पहिल्या रकान्यात कोणाचंच नाव आलं नाही. स्वस्त पडतं म्हणून जाणं हे मला बाजारात डिस्काउंट दिसला म्हणून नको असलेली साडी घेण्यासारखं वाटलं. व्हिएतनामला जाऊच, पण नवऱ्याचं मन तिकडे ओढ घेईल तेव्हा, त्याच्यासाठी.

११ फेब्रुवारी, रविवार

आज खऱ्या कामाचा हिशेब झाला. खर्चाचे दोन भाग केले : आपण कितीही दिवस गेलो तरी लागणारा, आणि दिवसावर चढणारा.

न बदलणारा भाग. विमानाची तिकिटं एका थांब्याची माणशी सुमारे ५२,००० म्हणजे २ लाख ६० हजार. पासपोर्ट, व्हिसा, विमा मिळून १८,०००. मुंबईला गाडीने जाणं-येणं ९,०००. एकूण २ लाख ८७ हजार.

हा आकडा पाच दिवसांवर वाटला तर रोजचे ५७,४००. नऊ दिवसांवर वाटला तर रोजचे ३२,००० च्या आत. प्रत्यक्ष तिथला खर्च मात्र दिवसाला पंचवीस हजारांच्या आसपासच आहे. म्हणजे "पैसे वाचवायला पाच दिवसांतच उरकू" हा माझाच जानेवारीतला विचार चुकीचा होता. लांबच्या देशात गेलोच तर जितकं राहता येईल तितकं राहावं. ते परवडत नसेल तर लांब जाऊ नये, जवळ जावं. चार दिवसांसाठी तिकिटावर एवढे ओतणं हीच खरी उधळपट्टी.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज आईंना सरळ विचारलं, "तुम्ही येणार का?" त्या नाही म्हणाल्या. गुडघे, खाणं, खर्च, माझ्यामुळे तुमची पंचाईत, अशी चार कारणं दिली. मी विचारलं, "आणि यावंसं वाटतं का?" यावर काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी धाकट्याला म्हणाल्या की पासपोर्टचा फोटो काढताना चश्मा काढतात का, विचार आईला.

काढतात. उद्या फोटो.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आईंचा पासपोर्ट. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि जन्मतारीख १ जून. आधारवर सासरचं नाव आणि तारीख १ जानेवारी. त्यांच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला असायचा, मास्तरांनी लिहून टाकलेला. आधी आधारवरची तारीख दाखल्याप्रमाणे करून घेतली, मग अर्ज. ज्येष्ठांना शुल्कात १० टक्के सूट आहे, त्यामुळे १,५०० ऐवजी १,३५०. धाकट्याचाही पासपोर्ट संपलाय, लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो, त्याचे १,०००.

मुंढव्याच्या केंद्रात आईंनी सही केली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माहेरचं नाव किती वर्षांनी कोणी मोठ्याने वाचलं."

३ मार्च, रविवार

काल हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. शस्त्रक्रियेची आज गरज नाही. सपाटीवर चालायला हरकत नाही, पायऱ्या शक्य तितक्या टाळायच्या, लांब विमानप्रवासात दर तासा-दीड तासाने उठायचं. मी विचारलं, पुढच्या वर्षी कसं असेल? ते म्हणाले, त्याची खात्री मी देऊ शकत नाही.

आज सकाळी ओकायामा बागेत चाचणी घेतली. मी घड्याळ लावून आईंच्या मागे चालले. पहिली पंचवीस मिनिटं त्या न थांबता चालल्या. मग पाण्याजवळच्या बाकावर दहा मिनिटं बसल्या. पुन्हा वीस मिनिटं चालल्या. उतारापेक्षा चढ बरा, असं त्यांनीच सांगितलं, मला उलट वाटत होतं. एका दिवसात असे तीन टप्पे, मधे बसायला जागा आणि दुपारची विश्रांती, एवढं त्या करू शकतात. प्रवासाची आखणी आता याच मापाने करायची. क्योतोतली चढणीची देवळं यातून आपोआप गळतात. कोराकुएन बसतं : ती सपाट, मोकळ्या हिरवळीची बाग आहे.

त्या बागेबद्दल वाचलं. ओकायामाच्या इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली काम सुरू केलं, १७००त पूर्ण झालं. म्हणजे आरंभ झाला तेव्हा इकडे संभाजी महाराज हयात होते. १९३४च्या पुरात आणि १९४५च्या बॉम्बहल्ल्यात तिचं मोठं नुकसान झालं, आणि जुन्या नोंदी व चित्रं बघून ती पुन्हा होती तशी केली. आत चहाचा छोटा मळा आहे, भाताचं खाचर आहे. आईंना बागेत भाताचं खाचर ही गोष्ट फार आवडली. त्यांचं माहेर मावळातलं.

१० मार्च, रविवार

थांबण्याची बाजू नीट मांडते, कारण मला ती मनातून नकोशी आहे आणि म्हणूनच ती पूर्ण ऐकली पाहिजे.

थोरली जूनमध्ये दहावीत जाणार. सुट्टीतला क्लास १५ एप्रिलपासून. क्लासच्या सरांचं मत स्पष्ट आहे, दहावीच्या सुट्टीत परदेश म्हणजे मुलीचं नुकसान. पुढच्या मार्चात परीक्षा संपली की ती पूर्ण मोकळी. पुढच्या वर्षी १३ एप्रिलपासून ओसाकात जागतिक प्रदर्शन भरणार आहे, धाकट्याला ते बघायला मिळेल. वर्षभर पैसे साठवले तर ओटाही होईल आणि एफडी मोडल्यासारखं वाटणार नाही.

हे सगळं बरोबर आहे. याच्या विरुद्ध बाजूला एकच गोष्ट आहे, काल-परवा डॉक्टर बोलले ते वाक्य.

थोरलीला विचारलं. तिने अर्धा दिवस घेतला आणि वेळापत्रक घेऊन आली : क्लासचे सात दिवस बुडतात, तो भाग ती एप्रिलच्या रविवारांत आधी करेल. म्हणाली, "दहावी माझी दरवर्षी नसते, पण आजी तरी कुठे दरवर्षी अशी चालणार आहे?" एवढं बोलून तिलाच रडू आलं.

१७ मार्च, रविवार

काल लोकसभेचं वेळापत्रक जाहीर झालं. नवरा अनुदानित शाळेत शिक्षक, निवडणुकीचं काम लागणारच. पुणे जिल्ह्यात बारामतीचं मतदान ७ मेला. पुणे, शिरूर आणि मावळचं १३ मेला. मतमोजणी ४ जूनला. त्याला जिल्ह्यात कुठेही पाठवलं तरी १४ मेच्या पहाटेपर्यंत तो मोकळा होतो.

इकडे जपानमध्ये एप्रिलअखेरपासून ६ मेपर्यंत त्यांचा सुट्ट्यांचा आठवडा असतो, तेव्हा गाड्या आणि हॉटेलं भरलेली. जूनमध्ये त्यांचा पावसाळा. मेच्या उत्तरार्धात हवा चांगली, क्योतोत दुपारी पंचवीस-सव्वीस अंश.

म्हणजे १७ मेला रात्री निघायचं, २७ला परतायचं. तारखा आमच्या हातात नव्हत्याच, पण नेमक्या चांगल्या निघाल्या.

२० मार्च, बुधवार

काल बँक ऑफ जपानने १७ वर्षांत पहिल्यांदा व्याजदर वाढवला. ऑफिसमधले सगळे म्हणाले आता येन महागणार, लवकर घ्या. येन उलट घसरला. गेले तीन महिने जो तो मला "येन स्वस्त आहे, हीच वेळ" असं सांगतो आहे, म्हणून हाही हिशेब करून टाकला. आमचा तिथला खर्च ४ लाख ९ हजार येन धरला आहे. येन एका पैशाने हलला तर आमचे ४,०९० रुपये हलतात. पंचावन्न पैशांवरून त्रेपन्नवर आला तरी आठ हजारच वाचतात. २०२१मध्ये तो पासष्टच्या वर होता. पुढच्या वर्षी तिथे परत गेला तर चाळीस हजारांवर फटका बसेल. हलकी रक्कम नाही, पण साडेपाच लाखांच्या निर्णयाचं कारणही नाही. चलनाच्या भावावर सुट्टी ठरवायची नाही, हा मुद्दा इथे संपला.

२४ मार्च, रविवार, होळी

आज टोकियो गाळलं. धाकटा रडला, फुजी पर्वत जाणार म्हणून. पण त्याने जी गोष्ट मागितली होती ती शिल्लक आहे.

झालं असं. जपानभर चालणारा रेल्वेचा सात दिवसांचा पास गेल्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून थेट ५०,००० झाला. आम्ही चार मोठे (थोरली बाराच्या वर, म्हणून मोठी) आणि एक अर्धा, म्हणजे २ लाख २५ हजार येन, सव्वा लाखाच्या जवळपास. पास न घेता सुटी तिकिटं काढली तरी टोकियो ते क्योतो एका वेळचे माणशी चौदा हजारांच्या आसपास येन. त्याऐवजी ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरायचं आणि त्याच भागात राहायचं. त्या भागाचा पाच दिवसांचा पास १२,००० येन, धाकट्याचे ६,०००. पाच जणांचे ५४,०००, म्हणजे ३० हजार रुपयांच्या आत. या पासात ओसाका ते ओकायामा शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, चालते. पाऊण तास. धाकट्याची बुलेट ट्रेन आणि आजीची बाग एकाच तिकिटावर. हे त्याला नकाशावर बोट फिरवून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला, मग म्हणाला, "दोनदा बसायचं. जाताना आणि येताना."

वाटेत हिमेजीचा किल्ला, तो खालूनच बघायचा. एक दिवस नारा : तिथल्या तोदाइ-जी मंदिरात सुमारे १५ मीटर उंचीचा ब्राँझचा बुद्ध आहे, आणि ७५२ साली त्याच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी ज्याने केला तो बोधिसेन नावाचा भिक्खू भारतातून गेलेला होता. आई हे ऐकून म्हणाल्या, "मग आपण काही पहिले नाही."

खाण्याचा प्रश्न अवघड आहे. आई मासेही खात नाहीत, अंडंही नाही. जपानी शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही बहुतेकदा माशाचं दाशी नावाचं पाणी असतं. सूपमध्ये, नूडल्समध्ये, सॉसमध्ये. भरवशाचं बाहेर खाणं म्हणजे बौद्ध मठांतलं शोजिन जेवण, ते महाग, आणि कोबेतली भारतीय हॉटेलं. कोबेत जुनी भारतीय वस्ती आहे, जैन मंदिरही आहे. म्हणून ओसाकात स्वयंपाकाची सोय असलेलं घरच घ्यायचं. जपानी तांदळाचा भात चिकट होतो, आपल्या इंद्रायणीसारखा. मेतकूट-भात आणि पिठलं, आईंची संध्याकाळ झाली.

३१ मार्च, रविवार

निर्णय.

पूर्ण आकडा : न बदलणारे २ लाख ८७ हजार, तिथले ४ लाख ९ हजार येन म्हणजे २ लाख २५ हजार, अडचणीसाठी ४० हजार. एकूण साडेपाच लाख. दोन हजार वर, पण ते धरत नाही. हाती एफडी आणि आरडी मिळून ४ लाख ७० हजार. ऐंशी हजार कमी.

नवरा म्हणाला, मग तीन रेघांपैकी एक ओलांडावी लागेल, नाहीतर जायचं नाही. आमचं दोघांचं ठरत आलं होतं की जायचं नाही. मी वही मिटली.

आई उठून आत गेल्या आणि पोस्टाचं पुस्तक घेऊन आल्या. ज्येष्ठांच्या योजनेचं दर तिमाहीचं व्याज त्यांनी दोन वर्षं काढलेलंच नाही. "माझं तिकीट मी काढणार. उरलेले त्याला जोडा." मी नको म्हटलं. वाईट वाटत होतं, त्यांचे पैसे घ्यायचे म्हणजे. त्यावर त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवते : "तुम्ही मला नेताय असं नको. मी जातेय, आणि तुम्ही बरोबर आहात, असं करा."

घेतले. ८० हजार. त्यांच्या नावाने वेगळा रकाना केला आहे.

ओट्याबद्दल : दिवाळीनंतर. मी ज्या ओट्यासमोर उभी राहते तो आणखी सात-आठ महिने तसाच राहील हे मी कबूल केलं, दुसऱ्या कोणी माझ्यावर टाकलेलं नाही. सिंकखालचं कपाट तेवढं काढून टाकायचं आणि वाळवीचं औषध मारून घ्यायचं, ते थांबू शकत नाही. २,८००.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

तिकिटं काढली. आठवड्यात माणशी नऊशे रुपये चढली होती. कार्डावर घेतली आहेत, एफडी १२ला पिकते, बिल २८ला, व्याज पडणार नाही. १ एप्रिलपासून भारतीयांना जपानचा ई-व्हिसा सुरू झालाय, पण कागदपत्रं तेवढीच लागतात : बँकेचा तपशील, विवरणपत्रं, दिवसावार कार्यक्रम. दिवसावार कार्यक्रमात २२ मेसमोर मी फक्त "ओकायामा, कोराकुएन बाग" लिहिलंय. त्या दिवशी दुसरं काही नाही.

विमानतळांवर आईंसाठी चाकाची खुर्ची तिकिटातच नोंदवली. विम्यात त्यांचा रक्तदाब सांगितला; हप्ता वाढला, पण लपवून घेतलेला विमा वेळेला उपयोगी पडत नाही.

३० एप्रिल, मंगळवार

व्हिसा आले, पाचही. आईंचा पासपोर्ट आला तेव्हा त्यांनी देवापुढे ठेवला होता, व्हिसा कागदावर छापून तोही ठेवला.

काल येन क्षणभर डॉलरला १६०वर गेला, १९९०नंतर पहिल्यांदा. परकीय चलनाच्या कार्डावर निम्मे येन भरून घेतले, कमिशन धरून साडेचोपन्न पैशांना. परकीय चलन सात लाखांच्या आत असल्याने त्यावर टीसीएस लागला नाही.

औषधांची यादी केली. सर्दीच्या आपल्याकडच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते जपानमध्ये ठराविक प्रमाणाबाहेर चालत नाही. त्या नेणार नाही. आईंच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, दोन वेगळ्या पिशव्यांत.

८ मे, बुधवार

नवरा भोर तालुक्यातल्या मतदान केंद्रावरून पहाटे तीनला घरी आला. यंत्रं जमा करून, तीन तास रांगेत उभा राहून. आवाज बसलाय. शाळेचं परवानगीपत्र त्याच्या खिशात घडी करून होतं, घामाने ओलं झालेलं. इस्त्री करून वाळवलं.

१५ मे, बुधवार

सोमवारी मतदान केलं. आईंच्या बोटावरची शाई अजून गडद आहे.

ओट्याचा मिस्त्री आज सकाळी माप घेऊन गेला. काम नोव्हेंबरात सुरू करेल, भाव लिहून घेतला.

संध्याकाळी आई थोरलीकडून एक वाक्य शिकत होत्या. थोरलीने देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून दिलंय : पुने कारा किमाशिता. पुण्याहून आले. बागेच्या दारात तिकीट देणाऱ्या माणसाला त्यांना हे स्वतः सांगायचंय. चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली आहे.

राहिलेलं : मेतकूट दोन डबे, गाडीवाल्याला फोन, गुडघ्याचे पट्टे हातातल्या बॅगेत.